आधी वही घ्या : अल्झायमरच्या माणसाला घरी सांभाळताना

फोन बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होतो. "सिस्टर, आईला बघायला एखादी चांगली बाई असली तर सांगा की." बाई मिळते, आणि पंधरा दिवसांत निघूनही जाते. डायपर कसा बदलायचा, गोळ्या कधी द्यायच्या हे तिला सगळं सांगितलेलं असतं. ज्यांना सांभाळायचं त्या आजी कोण, कुठल्या, कशाला घाबरतात, कशानं शांत होतात, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. मी बरीच वर्षं वॉर्डात काढली, आता बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरोघरी जाते. ज्यांच्या घरात हे दुखणं नुकतंच आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

एक विनंती आधीच करते. "म्हातारचळ लागलाय" हे शब्द घरात बंद करा. माणसाला नाव विसरायला होतं, पण आवाजातली तुच्छता शेवटपर्यंत कळते.

पहिलं काम : हे अल्झायमरच आहे का?

विसरायला लागलं म्हणजे अल्झायमर असं नसतं. बी-१२ कमी पडलं, थायरॉइड मंदावलं, मनात खोल उदासी बसली, किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वी मोरीत पडून डोक्यात रक्त साकळून राहिलं, तरी माणूस अगदी असाच वागतो. आणि ही कारणं बरी होण्यासारखी असतात. ऐकू कमी येत असेल तर अर्धा गोंधळ तिथलाच असतो. म्हणून रक्ततपासण्या, मेंदूचं स्कॅनिंग आणि कानांची तपासणी झाल्याशिवाय कुठल्याही नावाचा शिक्का मारून घेऊ नका. बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं मोठं रुग्णालय आहे, धारवाडला मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञानाची सरकारी संस्था आहे, फारच अडलं तर बेंगळुरूचं निमहान्स. पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेल्यासुद्धा.

स्मरणशक्तीची चाचणी घेताना डॉक्टरांना स्पष्ट सांगा : प्रश्न त्यांच्या भाषेत विचारा. कन्नडमध्ये विचारलेल्या प्रश्नाला येळ्ळूरच्या आजोबांनी उत्तर दिलं नाही, तर ते आजारामुळे की भाषेमुळे, हे कसं कळायचं? त्यात आपल्याकडची आणखी एक गंमत. "आपण कोणत्या राज्यात आहोत?" हा प्रश्न या चाचणीत असतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, नंतर म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. नव्वदीतल्या माणसानं "मुंबई" म्हटलं तर ती बालपणाची आठवण असेल. "महाराष्ट्र" म्हणून कुणी ठणकावून सांगितलं, तर तो मेंदूचा दोष की आयुष्यभराचा हट्ट, हे तुम्हीच डॉक्टरांना समजावून सांगा. मी तरी त्या उत्तराचा गुण कापला नसता.

आजाराचं थोडक्यात : जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका पन्नाशीतल्या बाईच्या मेंदूतले बदल मांडले, त्यावरून हे नाव पडलं. मेंदूत दोन प्रकारची प्रथिनं साचतात, पेशींच्या बाहेर अमायलॉइडचे थर आणि आत टाऊच्या गुंतवळी. नव्या आठवणी जिथं घडतात तो भाग सुरुवातीलाच मार खातो. म्हणून सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही आणि लग्नातली पंगत आठवते. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी साधारण ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज ढासळत नेणारं दुखणं, आहे असा अंदाज आहे. त्यातला सगळ्यात मोठा वाटा अल्झायमरचा. तेव्हा "आमच्याच घरी का" म्हणून लपवण्यासारखं काही नाही. गल्लीत आणखी दोन घरं निघतील.

दुसरं काम : वही

दोनशे पानी वही आणा. पहिली चार पानं त्या माणसाच्या आयुष्याची. माहेर कुठलं, लहानपणी घरात काय नावानं हाक मारायचे, भावंडं किती, शाळा कुठं, काम काय केलं, किती वाजता उठायचे, चहा कसा, कुठला देव, कशाची भीती, कोण गेल्याचं दुःख मोठं. मुलांना यातलं निम्मंही माहीत नसतं. धाकटी बहीण, जुनी शेजारीण, गावाकडचा चुलता यांना विचारा, आणि लवकर विचारा, कारण तीही माणसं थकत चालली आहेत.

याचा उपयोग काय, ते तीन घरांवरून सांगते.

शहापूरचे एक आजोबा दिवसभर चादरीची कड चिमटीत धरून पिळायचे. चादरी फाटल्या. घरच्यांनी हातमोजे घातले, तेव्हा ते चवताळले. आयुष्यभर मागावर बसलेला माणूस. तुटलेला धागा सांधण्याची ती बोटांची सवय होती. जाड सुताची एक लडी मांडीवर ठेवली, गाठी मारत बसले. चादरी वाचल्या.

निपाणीच्या एका आजींनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. त्यांची बोटं झोपेतसुद्धा चालायची. आम्ही वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे करून सुपात ठेवले. त्या कापत नाहीत, वळत नाहीत, नुसते एकावर एक लावतात आणि पंचवीस झाले की बाजूला सारतात. मोजणी अजून चुकत नाही. (तंबाखू तेवढी जवळ ठेवू नका, तोंडात घालतील.)

तिसरे मराठा लाइट इन्फन्ट्रीतले निवृत्त हवालदार. पहाटे चारला उठून दार ठोकायचे, म्हणून घरात झोपेची गोळी चालू झाली होती, आणि त्या गोळीच्या गुंगीत ते दोनदा पडले. वहीत त्यांच्या भावानं लिहिलं : पहाटेची परेड. तेव्हापासून मुलगा साडेचारला त्यांना बूट घालून अंगणात वीस मिनिटं चालवतो, मग चहा. गोळी डॉक्टरांनीच बंद केली. मुलाची झोप मोडते हे खरं, पण आधीही मोडतच होती.

टॉम किटवुड नावाच्या ब्रिटिश अभ्यासकानं अशा माणसाच्या गरजा सांगितल्या : आधार, जिव्हाळ्याचं कुणीतरी, चारचौघांत जागा, हाताला काम आणि "मी कोण" याची ओळख. मध्यभागी प्रेम. सर्वांगीण शुश्रूषा म्हणून जे म्हणतात ते एवढंच आहे. रक्तदाब, लघवी, जखम हे बघायचंच. पण हाताला काम आणि ओळख हीही तितकीच रोज द्यायची गोष्ट आहे.

वहीची पुढची पानं रोजनिशीची : झोप, शौच, लघवी, जेवण, मूड, आणि बिघडलं असेल तर त्याच्या आधी अर्ध्या तासात काय घडलं. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. आठ दिवसांत तुम्हालाच दिसेल की चिडचिड बुधवारी होते आणि बुधवारी शेजारी पाण्याचा पंप चालतो.

तिसरं काम : भाषा

आपल्या भागात हे प्रकरण वेगळं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. नंतर शिकलेली भाषा या आजारात आधी सैल होते आणि आईच्या मांडीवरची भाषा जास्त दिवस टिकते. वडगावातल्या एका मराठी घरात गोकाककडून सून म्हणून आलेल्या आजी होत्या. साठ वर्षं मराठी बोलल्या, मराठीतच भांडल्या. आजार वाढला तसं संध्याकाळी "अव्वा, मनिगे" एवढंच म्हणून रडायच्या. आई, घरी. घरातल्या मोठ्यांना कामापुरतं कन्नड येत होतं, लाडाचं येत नव्हतं. शेवटी शाळेत सक्तीचं म्हणून कन्नड शिकलेली नात त्यांच्याशी बोलायला लागली आणि आजी तिच्या हातून जेवायला लागल्या. शाळेतल्या कन्नडवरून त्या घरात पूर्वी काय काय बोलणं झालं असेल ते मला ठाऊक आहे. पण आजींची सगळ्यात चांगली नर्स त्या सक्तीतूनच निघाली.

कन्नड माहेर असलेल्या आजींसाठी बाईला आठ-दहा शब्द शिकवा : नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, साकु म्हणजे पुरे, ब्याडा म्हणजे नको, ब्यानी म्हणजे दुखतंय. उलटंही करा. मराठी आजोबांना दवाखान्यात भरती करावं लागलं आणि तिथल्या सिस्टर कन्नड किंवा मल्याळी असल्या, तर पाणी, लघवी, दुखतंय, थंडी, नको हे मराठी शब्द कन्नड लिपीत, पुढं त्यांचा कन्नड अर्थ, असं कागदावर लिहून पलंगाला चिकटवा. मी स्वतः वॉर्डात असताना असा कागद कुणी आणला की हायसं वाटायचं.

दोन भाषांचा एक फायदाही सांगते. हैदराबादच्या सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६४८ रुग्णांचा अभ्यास मांडला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, न शिकलेल्यांतसुद्धा. सीमेवर राहण्याचं एवढं तरी पदरात पडलं.

बोलण्याची रीत : समोरून या, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि थांबा. मनात दहा अंक मोजा. आपण दोन सेकंदांत प्रश्न पुन्हा विचारतो, आणि त्यांच्या डोक्यात अर्धवट लागलेली वाट परत मोडते. "ओळखलंसा काय मला?" हा प्रश्न पाहुण्यांनी विचारायचाच नाही. आल्याबरोबर सांगावं, "काकी, मी अनगोळचा, तुमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा." परीक्षा घेऊ नये.

आणि सगळ्यात अवघड प्रसंग. आजी विचारतात, "हे अजून आले नाहीत?" आजोबा जाऊन बारा वर्षं झालेली. "ते गेले की ओ आई" म्हटलं तर आजींना ती बातमी आजच कळते, आणि उद्या पुन्हा कळते. मी असं बोलते :

"कुठं गेलेत ओ ते?"

"बाजारात. खडेबाजारात."

"काय आणायला सांगितलासा?"

"तेल... आणि माझ्या बांगड्या."

"हिरव्या का?"

तिथून बांगड्यांवर बोलत राहायचं. हे खोटं बोलणं आहे का, असं सुना विचारतात. मी तर एकही खोटं वाक्य बोललेली नसते.

अंघोळ

सगळ्यात जास्त मारामारी इथं होते, म्हणून वेळ काढून वाचा.

अंगावर एकदम तांब्याभर पाणी ओतलं की त्यांना बुडाल्यासारखं वाटतं. कपडे काढणारं माणूस अनोळखी, मोरी अंधारी, फरशी ओली, त्यात सून किंवा मुलगा समोर. लाज आणि भीती एकत्र येते आणि हात उगारला जातो. त्याला "मारकुट्या झाल्यात" म्हणू नका.

आधी सगळी तयारी करून घ्या : टॉवेल दोन, कपडे घालायच्या क्रमानं रचलेले, पाणी कोपरानं बघितलेलं, कोमट. गीझर असेल तर बादलीत पाणी तयार करूनच आत न्या, नळ त्यांच्या हाताशी ठेवू नका. घट्ट बसणारं प्लास्टिकचं किंवा लाकडी स्टूल, पायाखाली न घसरणारी चटई, भिंतीला धरायला दांडी. आत गेल्यावर अंगावर मोठा टॉवेल राहू द्या, तो भिजला तरी चालेल. पाणी पायांपासून सुरू करा. पाय, मग मांड्या, मग हात, पाठ. तोंड आणि केस शेवटी. एक तांब्या त्यांच्याच हातात द्या. प्रत्येक वेळी आधी सांगा : "आता पाठीवर घालते हं." डोक्यावरून अंघोळ वेगळ्या दिवशी.

रोज पूर्ण अंघोळ झालीच पाहिजे असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा अंघोळ आणि बाकीच्या दिवशी ओल्या फडक्यानं तोंड, काखा, जांघा, छातीखालची घडी पुसली तरी कातडी नीट राहते. आपल्याकडे "अंघोळ केल्याशिवाय चहा नाही" म्हणणाऱ्या आज्यांना अंघोळ चुकवली तरी चालत नाही. त्यांना स्टुलावर बसवून हातपाय धुवा, कपाळाला कुंकू लावा, देवासमोर न्या. त्यांच्या हिशेबी अंघोळ झालेली असते.

कपड्यांचं म्हणाल तर आयुष्यभर लुगडं नेसलेल्या बाईला मॅक्सीत घातलं की आरशातली बाई तिला परकी वाटते. शिवलेली नऊवारी बाजारात मिळते, पुढून बांधायची. दवाखान्यात जायच्या दिवशी ती घाला. मग डॉक्टरांसमोर त्या निम्म्यानं कमी गोंधळतात, हे मी अनेकदा पाहिलंय. मुलाला आईची अंघोळ घालायची वेळ आली तर दोघांनाही जड जातं. तेव्हा पैसे खर्च करून बाई फक्त त्या एका तासाला ठेवा, दिवसभराची परवडली नाही तरी.

जेवण आणि गिळणं

ताटात एका वेळी दोनच पदार्थ. पांढऱ्या ताटलीत दहीभात वाढला तर त्यांना ताटलीच रिकामी दिसते. रंगीत ताटली घ्या. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, नाचणीची आंबील, तांदळाची पेज, मऊ मुगाची खिचडी, गरगट्ट्यासारखी घोटलेली भाजी, सगळं आपल्याच स्वयंपाकघरातलं. चमचा विसरले तर हातानं खाऊ द्या, इडलीचे तुकडे, उकडलेलं रताळं, केळ्याचे काप. वजन महिन्याला एकदा वहीत लिहा. पन्नास किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो घटलं तर डॉक्टरांना फोन करा.

पुढच्या टप्प्यात गिळायला त्रास होतो. पाणी पिताना खोकला येणं, आवाज ओलसर घरघरता होणं, घास गालात धरून ठेवणं, जेवणानंतर वारंवार ताप ही लक्षणं ओळखा. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. पूर्ण ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, गिळला का बघून पुढचा, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. झोपलेल्या माणसाच्या तोंडात चमचा कधीही घालू नका. पातळ पाण्यापेक्षा घट्टसर आंबील सोपी जाते.

गोळी कुंद्यात, म्हणजे आपल्याकडच्या दुधाच्या मिठाईत, दडवून देणारी घरं मला माहीत आहेत. बेळगावात हा उपाय सुचणारच. पण कुठली गोळी कुटायची नाही हे आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या फोडल्या की एकदम अंगात उतरतात. आणि साखरेचं दुखणं असेल तर कुंदा राहू द्या, केळं घ्या.

संध्याकाळ

दिवस कलला की बेचैनी वाढते. "घरी जायचंय" म्हणतात, स्वतःच्याच घरात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ढग आणि पावसानं दुपारी तीनलाच कातरवेळ होते, तेव्हा तो त्रास लांबतो. चार वाजताच सगळे दिवे लावा, पडदे ओढा म्हणजे काचेत स्वतःची सावली दिसून दचकणार नाहीत. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणा, चारनंतर चहा-कॉफी नको, सकाळी उन्हात बसवा. दिवेलागणीला रोज तेच : उदबत्ती, शुभंकरोति, मग तांदूळ निवडणं किंवा शेंगा सोलणं. शब्द हरवलेली माणसं हरिपाठ म्हणतात. गाण्याची आणि चालीची वाट मेंदूत फार उशिरा बंद होते.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या आणि गणपती विसर्जनाच्या रात्री गल्लीतल्या घरात अशा माणसाला ठेवू नका. गावाकडच्या नातेवाइकांकडे आदल्या दिवशी न्या, तेही ओळखीच्या घरी, उशी-चादर बरोबर घेऊन.

औषधं

डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि मेमँटिन, ही चार नावं तुम्ही चिठ्ठीत बघाल. यांनी आजार बरा होत नाही, काहींना काही काळ थोडा आधार मिळतो. डोनेपेझिलनं मळमळ, जुलाब, रात्री भडक स्वप्नं, नाडी मंदावणं होऊ शकतं; चक्कर आली तर नाडी मोजा आणि कळवा.

काय टाळायचं ते जास्त महत्त्वाचं. मेडिकलमधून आणलेलं सर्दी-खाजेचं झोप आणणारं औषध गोंधळ वाढवतं. आरडाओरडा थांबवायची जी मानसिक आजाराची औषधं असतात, त्यांनी या रुग्णांत पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो. ती लागतात कधीकधी, पण थोडे दिवस, कमी मात्रेत, डॉक्टरांच्या नजरेखाली.

आणि हे वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा : दोन-तीन दिवसांत एकदम बिघडलं तर ते अल्झायमरचं वाढणं नसतं. हा आजार हळू चालतो. लघवीचा संसर्ग, छातीतला कफ, बद्धकोष्ठ, पाणी कमी, नवीन गोळी, कुठंतरी दुखणं; यातलं काहीतरी सापडेल. दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही, तेव्हा चेहरा बघा : कपाळाला आठ्या, मुठी आवळलेल्या, श्वास जड, कण्हणं, जवळ घेऊनही न शांतणं. एका आजी चार दिवस ओरडत होत्या. कवळीखाली शेंगदाण्याचं फोल अडकलं होतं.

हरवले तर

दाराची कडी नजरेच्या वर किंवा खूप खाली लावा. गॅसचा मुख्य कॉक रोज रात्री बंद. खेड्यात विहिरीला झाकण, गोठ्याला आडणा.

गळ्यात किंवा खिशात कार्ड हवंच, आणि ते मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत. बसचा कंडक्टर, पोलीस, टपरीवाला यांतलं कोण काय वाचेल सांगता येत नाही. नाव, "यांना आठवत नाही, कृपया फोन करा" आणि दोन नंबर एवढं पुरे. पूर्ण पत्ता नको, भलत्याच माणसाला घर सापडू नये. अलीकडचा एक फोटो मोबाइलमध्ये कायम ठेवा.

हरवल्यावर चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही. लगेच ११२ ला फोन आणि जवळच्या ठाण्यात तक्रार. बेळगाव स्टँडवरून माणूस कोल्हापूर, गोवा, हुबळी कुठल्याही गाडीत बसू शकतो, आणि शिनोळीपाशी चालत हद्द ओलांडली की राज्य बदललं. म्हणून चंदगड, कागल या बाजूच्या ठाण्यांनाही तुम्ही स्वतः फोन करा. इकडची बातमी आपोआप तिकडं पोचेल या भरवशावर राहू नका. शोधताना आधी जवळचं : शेजारचा उसाचा फड, बंद पडलेला कारखाना, लहानपणीची गल्ली, रोजचं देऊळ. वहीतलं माहेर आणि जुनं कामाचं ठिकाण इथं कामाला येतं.

कागदपत्रं

हे लवकर उरका. सही समजून करता येते तोवर मृत्युपत्र, बँकेतलं नॉमिनीचं नाव, संयुक्त खातं करून घ्या. मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नका. देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्यानं संपतं, मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागू शकतं. पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो; विडी आणि मागाच्या कामानं बोटांचे ठसे झिजलेल्यांना हे फार सोयीचं.

अंथरुणाला खिळल्यावर

दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीही. हवेची गादी मदत करते, पण तिनं कूस बदलणं सुटत नाही. टाचा, माकडहाड, खुब्याचं हाड, कान रोज उजेडात बघा. दाबूनही न जाणारी लाली ही जखमेची सुरुवात. लाल जागा चोळू नका, तिथला भार काढा. तोंड दिवसातून दोनदा ओल्या मऊ कापडानं पुसा.

नाकातून नळी घालून अन्न द्यायचं का, हा प्रश्न याच टप्प्यात येतो आणि घर दुभंगतं. अगदी शेवटच्या अवस्थेत नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. त्यांना हवं तेवढंच, हळू, हातानं भरवणं हा पूर्ण योग्य मार्ग आहे. "उपाशी मारलं" असं बोलणारे नातेवाईक येतील. ते सहसा रात्रपाळीला येत नाहीत.

या वेळी स्पर्श, आवाज आणि वास उरतो. तळपायाला कोमट खोबरेल, ओळखीचा अभंग, धुतलेल्या जुन्या लुगड्याची चौघडी उशाला.

सांभाळणारीचं काय

सांभाळणारी बहुतेक सून असते किंवा अविवाहित लेक. तिच्या पाठीचं, रक्तदाबाचं, झोपेचं एक पान वहीत असू द्या. मुलगे पैसे पाठवतात, तेही लागतात, पण रविवारचे आठ तास कोण येणार हे कॅलेंडरवर नावासकट लिहा. लिहिल्याशिवाय कुणी येत नाही. ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६७ आहे, आणि मन फारच थकलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६. तिथं आपल्या भाषेत बोलायला मागा. "आज मी हात उगारला" असं कुणी सांगितलं तर मी ओरडत नाही. त्या आठवड्यात तिला दोन रात्री सुट्टी मिळेल अशी सोय करायला लावते.

आणि नवीन बाई आली, की पहिल्या दिवशी तिला मोरी, डायपर, गोळ्यांचा डबा यातलं काहीही दाखवू नका. चहा द्या आणि वहीची पहिली चार पानं वाचून दाखवा. तिला मराठी येत नसेल, तर शेजारच्या शाळेतल्या पोराला बसवून ती चार पानं कन्नडमध्ये लिहून घ्या, आणि वहीच्या मागच्या बाजूनं चिकटवा.